सगळ्यांचा पैसा, सगळ्यांचा हिशेब

बिरवाडीच्या बाजारात आपण साबणाची वडी घेतो. त्या पैशातला थोडा भाग कर म्हणून सरकारकडे जातो. म्हणजे सरकारची तिजोरी भरणारे आपणच. मग तो पैसा कशावर खर्च करायचा, हे कोण ठरवतो?

घरची बाई वर्षाची बेगमी करते. भात किती लागेल, मीठ-मिरचीला किती, पोरांच्या शाळेला किती, हे आधीच बघते. राज्याचेही तसेच आहे. येत्या वर्षात पैसा किती येईल, आणि कुठे किती खर्च होईल, याचा अंदाज सरकार मांडते. त्याला अंदाजपत्रक किंवा अर्थसंकल्प म्हणतात. हे वर्ष १ एप्रिलला सुरू होते आणि ३१ मार्चला संपते.

अंदाजपत्रक विधानसभेपुढे येते. तेथे २८८ आमदार आहेत. एकेका खात्याच्या खर्चाची मागणी त्यांच्यापुढे ठेवतात. आमदार ती मान्य करतील किंवा नाकारतील. रक्कम कमी करा, असेही ते म्हणू शकतात. शेवटी कायदा होतो. त्याशिवाय तिजोरीतला पैसा खर्च करता येत नाही.

‘होय’ म्हणण्याआधी आमदाराने काय पाहावे? हे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी दाखवून दिले. ते मुंबई प्रांताच्या कायदेमंडळाचे सभासद होते. २४ फेब्रुवारी १९२७ रोजी ते अंदाजपत्रकावर बोलले. ते म्हणाले, ज्याची कमाई नाही त्याला प्राप्तिकर नाही. पण गरीब शेतकऱ्याला पीक बुडाले तरी सारा भरावाच लागतो. एक एकरवाला आणि मोठा जहागीरदार, दोघांना दर एकच. हा कसला न्याय?

पैसा कोणाकडून घेता, हे त्यांनी विचारले. आणि त्या पैशाचा लाभ कोणाला? तोही प्रश्न होताच. सार्वजनिक पैशातून बांधलेले पाणवठे अस्पृश्यांना खुले करावेत, असा ठराव कायदेमंडळाने १९२३ सालीच केला होता. महाडच्या नगरपालिकेनेही चवदार तळे खुले केले. पण ते कागदावरच राहिले. मग २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब हजारो लोकांसह तळ्यावर गेले आणि पाणी प्याले.

मंडळी, कागदावरचा ठराव आपोआप अमलात येत नाही. खर्चाचेही तसेच. म्हणून ग्रामसभेला जा. गावाचा जमाखर्च नीट ऐका. आता तुम्हाला वाचता येते. तेव्हा आकडे स्वतः वाचा. समजले नाही तर उभे राहून विचारा. पैसा आपला आहे. हिशेब विचारण्यात लाज कसली?