धातूची काच : बळ आणि मर्यादा

काच म्हटली की खिडकीचे तावदान आठवते. परंतु धातूचीही काच होऊ शकते. सामान्य धातू गोठताना त्याचे अणू रांगांत बसून स्फटिक बनतात. अतिवेगाने थंड केल्यास त्यांना तेवढा अवसर मिळत नाही व द्रवातील विस्कळीत रचनाच कायम राहते. १९६० साली अमेरिकेतील कॅलिफोर्निया तंत्रविज्ञान संस्थेत सोने व सिलिकॉन यांपासून अशी काच मिळाली. पण ती पापुद्र्याएवढीच. १९९३ मध्ये तेथेच पेकर व जॉन्सन यांनी झिर्कोनियम, टायटॅनियम, तांबे, निकेल व बेरिलियम यांचे मिश्रण सिद्ध केले. भिन्न आकारांचे अणू सहजी रांग धरीत नसल्याने हे मिश्रण सावकाश थंड होऊनही काचरूप राहते व त्याचे जाड ठोकळे ओतता येतात.

रांगा नसल्याने अणूंचे थर सहज घसरत नाहीत. म्हणून हा धातू सुमारे २ टक्के ताणला तरी पूर्ववत होतो. सामान्य पोलादाची ही मर्यादा १ टक्क्याहूनही कमी असते. परंतु मर्यादा ओलांडताच सारी घसरण एका अरुंद पट्ट्यात एकवटते आणि तुकडा अकस्मात तुटतो. सुमारे ३५० अंश सेल्सिअसच्या पुढे तो मऊ होऊन साच्यात दाबता येतो. तेथे फार वेळ ठेवल्यास मात्र स्फटिक बनून ठिसूळ होतो. ज्या रचनेत त्याचे बळ, तिच्यातच त्याची उणीव आहे. म्हणून भार व उष्णता यांचा अंदाज घेऊनच त्याची योजना करणे इष्ट ठरते.