दर दोन तासांनी

पोलादपूरच्या घरी आई अर्धांगाने अंथरुणाला खिळली तेव्हा तिच्याभोवती आम्ही चार माणसं होतो. तरी दीड महिन्यात तिच्या माकडहाडावर जखम झाली. ग्रामीण रुग्णालयात ड्रेसिंगला नेलं. तिथल्या परिसेविका (हा सरकारी कागदावरचा शब्द, आपण इन्चार्ज सिस्टर म्हणतो) जखम बघून कुणावर ओरडल्या नाहीत. त्यांनी वहिनीला विचारलं, “ताई, तुम्ही झोपता कधी?” वहिनीला रडूच फुटलं. मग बाईंनी केसपेपरच्या मागे आम्हा चौघांच्या पाळ्या लिहून दिल्या.

हाडाच्या उंचवट्यावर शरीराचा भार सतत राहिला की तिथल्या बारीक रक्तवाहिन्या दबतात, रक्त पोचत नाही आणि कातडी मरू लागते. दर दोन तासांनी कूस बदलायची, चादर कोरडी ठेवायची, पोटात पुरेसं अन्न घालायचं. यात अवघड काहीच नाही, फक्त ते रात्री दोनलाही करावं लागतं. आमच्या घरात माया होती, पाळी नव्हती.

त्यानंतर मी अरुणा शानभाग खटल्याचा निकाल वेगळ्या नजरेने वाचला. महाड-पोलादपूरची निम्मी घरं गिरणगावावर जगली, त्यामुळे परळचं केईएम आम्हाला परकं नाही. तिथेच नर्स असलेल्या अरुणावर 27 नोव्हेंबर 1973 रोजी रुग्णालयातल्याच सफाई कामगाराने कुत्र्याच्या साखळीने गळा आवळून अत्याचार केला. मेंदूला रक्त न मिळाल्याने ती पुन्हा कधीच सावरली नाही. मुंबईतल्या परिचारिकांनी तेव्हा संप केला. त्यांच्या मागण्यांत अरुणाची काळजी होती आणि स्वतःच्या कामाची परिस्थिती सुधारण्याची मागणीही होती. या दोन गोष्टी एकत्र मागितल्या गेल्या, हे मला महत्त्वाचं वाटतं.

पुढे 1980च्या दशकात खाट मोकळी करण्यासाठी तिला बाहेर हलवण्याचे महापालिकेचे दोन प्रयत्न झाले. नर्सेस आड उभ्या राहिल्या, बेत बारगळला. वॉर्ड नंबर 4 शेजारच्या खोलीत ती 18 मे 2015पर्यंत, म्हणजे 41 वर्षांहून अधिक काळ राहिली. सर्वोच्च न्यायालयाने 7 मार्च 2011च्या निकालात नोंदवलं आहे की, 37 वर्षांत तिला एकही बेडसोर झाला नव्हता.

या एका वाक्यामागचं काम मोजून पाहावं. दर दोन तासांनी म्हणजे दिवसाला 12 वेळा, वर्षाला चार हजारांहून जास्त. तिला ओळखणाऱ्या मैत्रिणी केव्हाच निवृत्त झाल्या. शेवटी सेवा करणाऱ्यांपैकी कित्येकींचा 1973 साली जन्मही झाला नव्हता. मैत्री अशी वारशाने देता येत नाही, ड्यूटी मात्र देता येते. दर महिन्याला ड्यूटी लावताना, वॉर्डात माणसं अपुरी असतानाही, कुणीतरी सिस्टर त्या खोलीची पाळी लिहीत राहिली असणार. परिसेविकेची करुणा रुग्णाच्या कपाळावर हात ठेवण्यात असतेच, पण जास्त करून ती या तक्त्यात असते. नवख्या मुलीला हे काम शिक्षा वाटू न देणं, एकीवरच ओझं न टाकणं, हेही त्याच तक्त्यात येतं.

त्या निकालात एक काटा आहे. अरुणाचं अन्न थांबवावं, अशी मागणी पत्रकार पिंकी विराणी यांनी ‘नेक्स्ट फ्रेंड’ म्हणून केली होती. न्यायालयाने निष्क्रिय दयामरणाची वाट तत्त्वतः उघडली, पण अरुणाच्या बाबतीत मागणी नाकारली. तिच्या वतीने बोलायचा अधिकार रोज तिची सेवा करणाऱ्या केईएमच्या माणसांचा ठरला आणि त्यांना ती जगायला हवी होती. तिला स्वतःला काय हवं होतं? मी विराणींची बाजू सहज बाजूला सारू शकत नाही. इतक्या निगुतीने केलेली सेवा करणाऱ्यालाच थोडी आंधळी करत असेल का, अशी शंका मला आईच्या उशाशी बसून आलेली आहे.

आईची जखम भरायला चार महिने लागले. पुढे तीन वर्षं ती होती, दुसरी जखम झाली नाही. तो केसपेपर वहिनीने जपून ठेवलाय. रात्री दोनच्या पाळीपुढे माझं नाव आहे. वहिनीच्या नावापुढे रात्री दहा ते सहा ‘झोप’ असं लिहून बाईंनी खाली दोन रेघा मारल्या आहेत.