चिमूर लोकसभा मतदारसंघ कोठे गेला?

यंदा मतदार यादीत माझे नाव पहिल्यांदा आले. दिवाळीच्या सुट्टीत चिमूर तालुक्यातील आमच्या गावी गेलो तेव्हा यादीचे पहिले पान मी आबाजींना मोठ्याने वाचून दाखवले : विधानसभा मतदारसंघ चिमूर, लोकसभा मतदारसंघ गडचिरोली-चिमूर. आबाजींना अक्षरओळख नाही, ते आजवर चिन्ह पाहून मत देत आले. त्यांनी मला मध्येच थांबवले. "गडचिरोली कशाले? आपली तं चिमूर लोकसभा हाय." तो मतदारसंघ आता राहिला नाही, असे मी सांगितले. तेव्हा ते म्हणाले, "मंग गेला कोठी?"

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिला. त्यातून राज्यशास्त्र माझा विषय. तरी मला उत्तर देता आले नाही, याची मनस्वी लाज वाटली. परत आल्यावर जे समजून घेतले ते येथे मांडत आहे.

१६ ऑगस्ट १९४२ च्या क्रांतीमुळे चिमूरचे नाव देशभर झाले. लोकसभेच्या नकाशावर ते आले १९६७ साली. तेव्हापासून २००४ पर्यंत या मतदारसंघात अकरा सार्वत्रिक निवडणुका झाल्या आणि सहा जण निवडून आले. १९६७ ला रा. मा. हजरनवीस, १९७१ व १९७७ ला कृष्णराव ठाकूर, १९८०, १९८४ व १९९१ ला विलास मुत्तेमवार हे काँग्रेसचे. १९८९ व २००४ ला महादेवराव शिवणकर आणि १९९६ व १९९९ ला नामदेवराव दिवठे हे भारतीय जनता पक्षाचे. यांच्या मधोमध १९९८ साली रिपब्लिकन पक्षाचे प्रा. जोगेंद्र कवाडे निवडून आले. त्या वर्षी महाराष्ट्रातून चार रिपब्लिकन नेते लोकसभेत गेले, आणि चौघेही खुल्या जागांवरून. अकोला, अमरावती व मुंबई उत्तर-मध्य यांच्या पंक्तीला आमचे चिमूर बसले होते.

मग असा मतदारसंघ गेला कसा? त्याचे उत्तर परिसीमन या एका शब्दात आहे. लोकसंख्या वाढते, माणसे स्थलांतर करतात, म्हणून जनगणनेनंतर मतदारसंघांच्या सीमा नव्याने आखाव्या लागतात. अमेरिकेत दर दहा वर्षांनी असे घडते आणि बहुतेक राज्यांत तेथील विधिमंडळेच सीमा ठरवितात. आपल्याकडे हे काम स्वतंत्र आयोगाकडे असते. परंतु १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने १९७१ च्या जनगणनेवर ही व्यवस्था गोठवली गेली. लोकसंख्या आटोक्यात ठेवणाऱ्या राज्यांच्या जागा कमी होऊ नयेत, हा त्यामागचा हेतू. त्यामुळे १९७७ पासून २००४ पर्यंत सीमा जशाच्या तशा राहिल्या. आबाजींची सारी उमेद त्या एकाच नकाशात गेली.

पुढे न्या. कुलदीपसिंग यांच्या अध्यक्षतेखाली आयोग बसला. महाराष्ट्राच्या ४८ जागा कायम ठेवून २००१ च्या जनगणनेनुसार आतील रेषा बदलण्यात आल्या. फेब्रुवारी २००८ मध्ये हा बदल अमलात आला. कराड, राजापूर, मालेगाव, डहाणू ही नावे गेली, तसेच चिमूरही गेले. चंद्रपूर जिल्ह्यातील चिमूर व ब्रह्मपुरी, गडचिरोली जिल्ह्यातील आरमोरी, गडचिरोली व अहेरी आणि गोंदिया जिल्ह्यातील आमगाव असे सहा विधानसभा मतदारसंघ मिळून गडचिरोली-चिमूर झाला. म्हणून आज आमचा कलेक्टर चंद्रपूरला बसतो आणि खासदार मात्र थेट सिरोंच्यापर्यंतच्या मुलखाचा असतो. शिवाय ही जागा अनुसूचित जमातींसाठी राखीव झाली.

येथे मी अडखळलो, हे कबूल करतो. शाळेत भाषणात बक्षीस मिळाले तेव्हा गुरुजी म्हणाले होते, "हा पोरगा एक दिवस खासदार होईल." मी आदिवासी नाही. म्हणजे ही जागा राखीव आहे तोवर आपल्याच मतदारसंघात मला लोकसभेला उभे राहता येणार नाही. वसतिगृहातील माझा खोलीमित्र एटापल्ली तालुक्यातला, माडिया. त्याच्याजवळ मी ही खंत बोलून दाखवली. तो हसून म्हणाला, "तुला हे आज कळलं. आमच्याकडं हे कोणाच्या मनातच येत नव्हतं." मी १९७७ चे उदाहरण दिले. अहेरीकडचा भाग तेव्हा चंद्रपूर मतदारसंघात होता आणि तेथून अहेरीचे राजे विश्वेश्वरराव निवडून आले होते. तो म्हणाला, "ते राजे होते."

त्या तीन शब्दांवर मी बरेच दिवस विचार केला. २००४ पर्यंत महाराष्ट्रात अनुसूचित जमातींसाठी लोकसभेच्या चार जागा होत्या : नंदुरबार, धुळे, मालेगाव आणि डहाणू. चारही राज्याच्या पश्चिम-उत्तर अंगाला. विदर्भात एकही नाही! ज्या गडचिरोली जिल्ह्यात दर शंभरांत सुमारे एकोणचाळीस लोक आदिवासी आहेत, त्याच्या वाट्याला अशी जागा आली ती चिमूरची रेषा पुसल्यावर. त्यानंतर मारोतराव कोवासे, अशोक नेते आणि २०२४ मध्ये डॉ. नामदेव किरसान येथून निवडून आले. २०२४ ला येथे सुमारे ७२ टक्के मतदान झाले. दुर्गम केंद्रांवर कर्मचाऱ्यांना हेलिकॉप्टरने न्यावे लागते आणि मतदान दुपारी तीनलाच संपते, अशा मुलखातले हे मतदान आहे.

याचा अर्थ सारे ठीक झाले असा नाही. आमगावपासून सिरोंच्यापर्यंत एका खासदाराने किती गावे गाठावीत? रेल्वेमार्गावरच्या आमगावची गरज वेगळी, गोदावरीकाठच्या सिरोंच्याची वेगळी आणि धानाच्या बांधीवर जगणाऱ्या आमच्या गावाची वेगळी. जागा राखीव झाल्याने अंतर कमी होत नाही. हा प्रश्न पुढच्या परिसीमनात तरी विचारला गेला पाहिजे, आणि तो विचारायला उमेदवार असावे लागत नाही, मतदार असणे पुरेसे आहे.

संक्रांतीला घरी गेलो तेव्हा आबाजींना अंगणातल्या मातीत काडीने नकाशा काढून दाखवला. जुनी रेषा काढली, पुसली, नवी काढली. बराच वेळ पाहून त्यांनी विचारले, "तुझ्या खोलीतल्या पोराचं गाव यात कोठी?" मी खाली, इंद्रावतीच्या बाजूला बोट ठेवले. ते म्हणाले, "लई दूर हाय. पन आता एकाच घरात आलो म्हनायचं."