दिवा एबीएसचा, दोष कुणाचा?

सप्टेंबर २०२३ च्या अखेरीस ह्युंदाई आणि किया या दोन कंपन्यांनी अमेरिकेतल्या सुमारे ३४ लाख गाड्यांच्या मालकांना एक चमत्कारिक सूचना केली. दुरुस्ती होईपर्यंत गाडी घराला लागून उभी करू नका, गॅरेजमध्ये तर नकोच, उघड्यावर ठेवा. इंजिन बंद, किल्ली खिशात, गाडीत कुणी नाही, आणि तरीही बॉनेटखाली आग लागू शकत होती. संशय होता तो ब्रेकच्या एका डब्यावर. एबीएसचं, म्हणजे अँटिलॉक ब्रेकचं, नियंत्रण करणारं मॉड्यूल ते हेच.

बंद गाडीतल्या ब्रेकला वीज कशाला हवी? या डब्याला एक पंप जोडलेला असतो आणि त्याची मोटर चालू होते तेव्हा दहा अँपिअरहून बराच जास्त प्रवाह ओढते. एवढा प्रवाह इग्निशनच्या बारीक वायरीतून नेता येत नाही, म्हणून बॅटरीपासून डब्यापर्यंत जाड वायर मोठ्या फ्यूजमधून थेट आणलेली असते. मोटर चालू-बंद करणारा स्विच अनेक गाड्यांत डब्याच्या आतच असतो. म्हणजे किल्ली काढली तरी डब्याच्या दारापर्यंत वीज हजर असते. ह्युंदाईच्या गाड्यांमध्ये ब्रेक ऑइल डब्याच्या आतल्या आत झिरपून शॉर्ट सर्किट होण्याची भीती होती. उपाय काय केला? डबा बदलला नाही, फ्यूज बदलला. तारेत निर्माण होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, त्यामुळे लवकर वितळणारा फ्यूज बसवला की आगीइतकी उष्णता साठण्याआधीच प्रवाह तुटतो. शास्त्र म्हणून हे बरोबर आहे. झिरपणारं ऑइल मात्र झिरपतच राहतं, आणि म्हणून मला तरी हा उपाय अर्धाच वाटतो.

इथे डबाच संशयाच्या मुळाशी होता. आपल्या गल्लीतल्या गॅरेजमध्ये मात्र बऱ्याचदा उलटं घडतं. डॅशबोर्डवर एबीएसचा पिवळा दिवा लागतो, मेकॅनिक स्कॅनर जोडतो, पडद्यावर एक कोड येतो आणि निकाल लागतो: मॉड्यूल गेलं. किंमत पाच आकडी. भारतात एप्रिल २०१९ पासून नव्या प्रवासी मोटारींना एबीएस सक्तीचं झालं. त्या पहिल्या गाड्या आता वॉरंटीबाहेर पडून गल्लीतल्या गॅरेजकडे वळू लागल्या आहेत, त्यामुळे हा निकाल पुढे वारंवार ऐकू येणार. तो मान्य करण्याआधी डबा करतो काय, हे पाहू.

जोरात ब्रेक मारला आणि चाक फिरायचं थांबलं, तर टायर रस्त्यावरून नुसता घसटत जातो. घसटणाऱ्या रबराची पकड कमी असते. त्याहून वाईट म्हणजे स्टिअरिंग फिरवलं तरी गाडी वळत नाही, कारण बाजूला ढकलणारं बळ फिरत्या टायरलाच मिळतं. डांबरी रस्त्यावर सर्वांत चांगली पकड मिळते ती चाक जरासं घसरत फिरत असताना. गाडी ताशी ६० किलोमीटरने जात असेल आणि चाकाचा परीघ ताशी ५० च्या आसपास फिरत असेल, तर ती घसर लाभाची. चाक याहून फार मंदावलं तर त्या चाकाच्या ब्रेकचा दाब सोडायचा, सावरलं की पुन्हा भरायचा, हेच एबीएसचं काम. प्रत्येक चाकासाठी दोन झडपा असतात, एक दाब आत घेणारी आणि दुसरी बाहेर सोडणारी. सेकंदाला अनेकदा हा खेळ चालतो आणि पंप सोडलेलं ऑइल उलट ढकलत राहतो. पायाखाली पेडल थरथरतं ते यामुळेच.

या रचनेतला सगळ्यांत शहाणपणाचा निर्णय झडपांच्या स्वभावात आहे. वीज नसताना आत घेणारी झडप उघडी राहते आणि बाहेर सोडणारी बंद. म्हणजे डबा मेला, फ्यूज उडाला, वायर उंदराने कुरतडली, तरी पायाचा दाब सरळ चाकापर्यंत पोहोचतो आणि साधा ब्रेक लागतो. शंका आली की डबा स्वतःला बाजूला करतो आणि दिवा लावतो. पिवळा दिवा म्हणजे ब्रेक गेले असं नव्हे. पण पिवळ्यासोबत लालही लागला तर प्रकरण वेगळं. मग आधी ब्रेक ऑइलची पातळी पाहायची. ती ठीक असेल, तर पुढच्या आणि मागच्या चाकांत दाब वाटून देणारी सोयही बंद पडली असण्याची शक्यता मोठी. ब्रेक मारताना गाडीचा भार पुढे सरकतो, मागची चाकं हलकी होतात आणि ती आधी जाम झाली तर गाडी गोल फिरते. अशी गाडी चालवत नेऊ नये, उचलून न्यावी.

आता अडचणीची गोष्ट. गाडी जमिनीवरून नेमकी किती वेगाने चालली आहे, हे डब्याला थेट कळत नाही. त्याच्याकडे फक्त चार चाकांचे चार सेन्सर असतात आणि जोरात ब्रेक लागलेला असताना ही चारही चाकं थोडीफार घसरत असतात. त्यांच्या आकड्यांवरून गाडीच्या खऱ्या वेगाचा अंदाज बांधायचा आणि त्या अंदाजाशी प्रत्येक चाक ताडून पाहायचं, एवढंच त्याच्या हाती. एक सेन्सर खोटं बोलला, तर डबा अगदी प्रामाणिकपणे चुकीचं काम करतो.

२००५ साली अमेरिकेत जनरल मोटर्सने सुमारे आठ लाख पिकअप आणि एसयूव्ही परत बोलावल्या त्या याच कारणाने. गाड्या १९९९ ते २००२ या काळातल्या, आणि थंडीत रस्त्यावर मीठ टाकतात त्या राज्यांतल्या. पुढच्या चाकाच्या हबवर सेन्सर जिथे बसतो, तिथे मिठामुळे गंज धरत होता. गंजाचा थर फुगला की सेन्सर उचलला जायचा आणि त्याच्यात व खालच्या दातेरी कड्यात फट वाढायची. त्या जुन्या पद्धतीच्या सेन्सरमध्ये चुंबक आणि कॉइल एवढंच असतं. कड्याचे दाते समोरून गेले की विजेची लाट उठते, आणि चाक जितकं हळू तितकी लाट लहान. फट वाढल्यावर कमी वेगात ती इतकी क्षीण व्हायची की डब्याला वाटे, चाक जाम झालं. मग तो दाब सोडायचा. ड्रायव्हर ताशी दहा-पंधरा किलोमीटरवर, सिग्नलला थांबता थांबता, ब्रेक दाबून आहे आणि पेडल थरथरतंय, गाडी पुढे सरकतेय! उपाय होता सेन्सरखालची जागा घासून साफ करणं, तिथे पुन्हा गंज धरू नये अशी व्यवस्था करणं आणि गरज पडली तर सेन्सर बदलणं. डब्याला हात लावावा लागला नाही. कोकण किनाऱ्यावर गाडी ठेवणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. खारी हवा रस्त्यावरच्या मिठाइतकी वाईट नसली तरी गंजाला पुरते.

हल्लीच्या गाड्यांत सेन्सर बहुधा सक्रिय प्रकारचे असतात. त्यांना डबा वीज पुरवतो आणि ते साधारण ७ आणि १४ मिलिअँपिअर अशा दोन पातळ्यांवर प्रवाह वरखाली करून उत्तर देतात. चाक अगदी रांगत असतानाही ते वाचू शकतात. यांना मल्टिमीटरने ओहममध्ये मोजून काही कळत नाही, उलट सेन्सर बिघडण्याचा धोका असतो. जुन्या सेन्सरला ती तपासणी चालते. साधारण एक-दोन हजार ओहम दिसतात. शिवाय नव्या रचनेत दातेरी कडं दिसतच नाही. बेअरिंगच्या सीलमध्येच उत्तर-दक्षिण ध्रुवांची पट्टी दडलेली असते. नवं बेअरिंग उलटं ठोकलं की पट्टी सेन्सरच्या विरुद्ध बाजूला जाते आणि चाक डब्याच्या दृष्टीने नाहीसं होतं. बेअरिंग बदलल्यानंतर लगेच दिवा लागला असेल तर आणखी काही शोधायच्या आधी हे पाहा.

स्कॅनरवरचा कोड तक्रार सांगतो, गुन्हेगार सांगत नाही. सी ००३५ म्हणजे पुढच्या डाव्या चाकाच्या सेन्सरचं सर्किट. सर्किट म्हटलं की सेन्सर, कपलर, वायर आणि डब्यातली पिन, सगळे आले. यू ०१२१ म्हणजे बाकीच्या यंत्रणेला एबीएस मॉड्यूलचं उत्तर येत नाही. त्याचा अर्थ मॉड्यूल मेलं असाही होतो आणि त्याला वीजच मिळत नाही असाही. म्हणून चांगला मेकॅनिक आधी बॅटरी, मग फ्यूज आणि मग अर्थिंग पाहतो. अर्थिंगची खरी परीक्षा प्रवाह वाहत असतानाच होते. गंजून एकच तार उरलेली वायरही ओहममध्ये चांगलीच दिसते, कारण मीटरचा चिमूटभर प्रवाह त्या एका तारेतून सहज जातो. स्कॅनरने पंप चालू करायचा आणि त्याच वेळी डब्याची अर्थ पिन व बॅटरीचं निगेटिव्ह टोक यांच्यामधले व्होल्ट मोजायचे. तिथे अर्धा-एक व्होल्ट दिसला, तर पाच आकडी डब्याऐवजी एक वायर बदलायची आहे. पाणी साचलेल्या रस्त्यातून गेलेल्या गाडीत कपलर उघडून पाहावा. हिरवट झालेली पिन पुष्कळ काही सांगते.

एवढं होऊन चारही सेन्सर ताशी वीसच्या सरळ चालीत सारखे आकडे देत असतील, वीज आणि अर्थ ठणठणीत असतील, आणि तरी कोड परत येत असेल, तर मात्र डबा. तोही मरतो कसा, हे पाहण्यासारखं आहे. नव्वदच्या दशकाच्या अखेरच्या फोक्सवॅगन पसाट आणि ऑडी ए४ मध्ये बॉशचं ५.३ हे मॉड्यूल होतं. डबा इंजिनाशेजारी, रोज तापायचा आणि निवायचा. वेगवेगळे धातू कमीजास्त प्रसरण पावतात. वर्षानुवर्षं तो ताण सोसून आतल्या जोडणीला डोळ्यांना न दिसणारा तडा जायचा. खूण ठरलेली: गाडी तापली की दिवा लागतो, तासभर उभी राहिली की जातो. हे डबे उघडून आतल्या जोडण्या पुन्हा पक्क्या करण्याचा एक धंदाच युरोप-अमेरिकेत उभा राहिला.

हे जमतं, कारण डबा खरं तर दोन अर्धुकांचा असतो. ऑइलचा ॲल्युमिनियम ठोकळा वेगळा आणि इलेक्ट्रॉनिक्सचं झाकण वेगळं. झडपांच्या नळ्या ठोकळ्यातून वर आलेल्या असतात आणि झाकणातल्या कॉइल त्यांवर बोटात अंगठी बसावी तशा बसतात. ऑइल नळीच्या आत बंद राहतं, चुंबकत्व तेवढं नळीच्या भिंतीतून आत पोहोचतं. अशा रचनेत बॅटरी काढून, स्क्रू सोडून झाकण सरळ ओढलं की ते निघतं. पाइप सोडावा लागत नाही, ब्रेकची हवा काढावी लागत नाही.

पूर्ण ठोकळाच बदलायचा तर काम वाढतं. मास्टर सिलिंडरकडून येणारे आणि चाकांकडे जाणारे सगळे पाइप सुटतात. धुळीचा कण आत गेला तर झडप अडकते. बंद झडपेमागे राहिलेली हवा पेडल कितीही पंप केलं तरी निघत नाही, तिथे स्कॅनरनेच पंप चालवून झडपा उघडाव्या लागतात. ऑइल ताज्या सीलबंद बाटलीतलंच हवं. ते हवेतली वाफ शोषतं. डॉट ४ प्रतीच्या कोरड्या ऑइलचा उत्कलनांक किमान २३० अंश सेल्सिअस, तर ३.७ टक्के पाणी मिसळल्यावर किमान १५५ पुरेसा मानला जातो.

कुर्ल्याच्या भंगार बाजारातून जुना डबा आणायला हरकत नाही, पण लेबलवरचा नंबर पूर्ण जुळला पाहिजे. बाहेरून अगदी सारख्या दिसणाऱ्या दोन डब्यांत टायरचा घेर, गाडीचं वजन, इंजिनाचा प्रकार यांची गणितं वेगळी असतात. नव्या डब्यालाही गाडीची ओळख स्कॅनरने शिकवावी लागते, त्यात घसरण रोखणारी ईएससी असेल तर स्टिअरिंगच्या कोनाचं आणि दाबाच्या सेन्सरचं शून्य नव्याने ठरवावं लागतं. ‘कोडिंगचे वेगळे पैसे’ हे गॅरेजवाल्याचं वाक्य त्यामुळे नेहमीच लुबाडणूक नसते.

१९७८ साली मर्सिडीज एस-क्लासमध्ये बॉशचं एबीएस पहिल्यांदा बसलं तेव्हा त्याचं वजन सहा किलोच्या वर होतं. आज ते किलोभराच्या आसपास आलंय. इतकं आटोपशीर यंत्र उघडून बघण्याची हौस कमी आणि बदलून टाकण्याची घाई जास्त होणारच.

काम झाल्यावर दिवा विझला एवढ्यावर पैसे देऊ नका. रिकाम्या, ओल्या किंवा जराशा खडीच्या रस्त्यावर ताशी ३० ते ४० ने जाऊन ब्रेक जोरात दाबून धरा. पेडल पायाला धक्के देईल. दचकून पाय उचलू नका, तसंच दाबून ठेवा आणि स्टिअरिंग थोडं फिरवून पाहा. गाडी वळत वळत थांबली पाहिजे. मग कोरड्या रस्त्यावर हळू, नेहमीसारखं थांबा. तिथेही थरथर आली तर गाडी परत जॅकवर घ्यायला सांगा आणि पुढच्या चाकांचे सेन्सर काढून त्यांच्या खालची जागा तपासायला लावा.