रोप उंच का होते?

तुम्ही माशांची काचपेटी पाहिली असेल. पेटीत मागच्या बाजूला उंच वनस्पती लावतात आणि पुढच्या बाजूला बुटक्या. पुढच्या वनस्पती उंच झाल्या, तर मासे कसे दिसतील? पण पुष्कळदा बुटकी म्हणून लावलेली वनस्पती महिन्याभरात लांबच लांब वाढते. मग आपण म्हणतो, "दुकानदाराने फसवले!" खरेच तसे असते का?

चौपतिया ही वनस्पती पाहा. हे तिचे हिंदी नाव. शास्त्रज्ञ तिला मार्सिलिया म्हणतात. ती नेचांच्या गटातली असल्यामुळे तिला फुले येत नाहीत. एका देठावर चार पानांसारखे भाग असतात. ओल्या चिखलात तिचे देठ आखूड राहतात. तीच पाण्यात बुडाली, की देठ लांबतात आणि पाने पाण्यावर तरंगू लागतात. वनस्पती तीच, उंची मात्र वेगळी! तिच्या काही जाती काचपेटीत पुढच्या बाजूला लावतात.

उंचीचे दुसरे कारण म्हणजे प्रकाश. आपल्या यवतमाळ जिल्ह्यात कापसाची शेते सर्वत्र आहेत. दाट पेरलेली पऱ्हाटी उंच आणि किरकोळ होते, हे शेतकऱ्यांना माहीत असते. शेजारच्या रोपाची पाने लाल प्रकाश शोषून घेतात. तो कमी झाल्याचे रोपाला कळते. मग ते पाने आणि फांद्या वाढवण्याऐवजी प्रकाशाकडे उंच जाऊ लागते. काचपेटीतही दिवा मंद असला, तर बुटके रोप असेच ताणले जाते.

यात नुकसान काय? वरची पाने खालच्या पानांवर सावली धरतात. खालची पाने मरतात आणि कुजतात. कुजताना पाण्यातला प्राणवायू खर्च होतो. मग मासे वर येऊन तोंड उघडू लागतात. म्हणजे रोपाची चूक नसते, पण त्रास माशांना होतो.

म्हणून रोप उपटून फेकू नका. दिवा रोज ६ ते ८ तास लावा, रोपे विरळ करा. मात्र पेटी उन्हात ठेवू नका. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४० अंशांच्या वर जातो, आणि गरम पाण्यात प्राणवायू कमी मावतो. शिवाय फार प्रकाशाने शेवाळही माजते. आणखी एक लक्षात ठेवा : प्रत्येक बुटके रोप निरोगी असतेच असे नाही. खत कमी पडले, तरीही रोप खुजे आणि पिवळे राहते.

हे स्वतः करून पाहा. दोन वाट्यांत ओल्या मातीत मूग पेरा. एक वाटी खिडकीजवळ, दुसरी बंद कपाटात ठेवा. दोन्हींना सारखे पाणी द्या. आठव्या दिवशी पट्टीने उंची मोजा. कपाटातली रोपे उंच दिसतील, पण पिवळी आणि लुळी. अशी उंची पाहून तुम्ही त्यांना जोमदार म्हणाल का?