हेडलाइटचा बल्ब आणि समोरच्याचे डोळे

६ डिसेंबरला चैत्यभूमी, १ जानेवारीला भीमा कोरेगाव. या दिवसांत गावोगावच्या जीपगाड्या आणि मोटारसायकली रात्रीचा प्रवास करतात. निघण्यापूर्वी पुष्कळ जण हेडलाइटमधला पिवळा हॅलोजन बल्ब काढून पांढरा एलईडी बल्ब बसवून घेतात. उजेड वाढतो, पण तो पडतो कुठे?

हॅलोजन बल्बमध्ये तापून उजळणारी तार असते. हेडलाइटच्या आतील आरसा त्या तारेची जागा धरून घडवलेला असतो. एलईडीमध्ये तारेऐवजी चिप असतात. त्यांची जागा थोडी जरी चुकली, तरी डिपरवर असतानाही उजेड वर फेकला जातो आणि समोरच्याच्या डोळ्यांत शिरतो. मूळचाच एलईडी असलेल्या गाडीत आरसा व भिंग त्याच हिशेबाने बनवलेले असते.

अंधारात दिसावे म्हणून डोळ्याच्या पडद्यात एक रंगद्रव्य असते. झगझगीत उजेडाने ते विरते आणि पुन्हा तयार व्हायला वेळ लागतो. ताशी ६० किलोमीटर वेगाची गाडी एका सेकंदात सुमारे १७ मीटर पुढे जाते. तेवढ्यात कडेने चालणारा माणूस दिसलाच नाही, तर? मोतीबिंदू असलेल्यांच्या डोळ्यांत हा उजेड जास्तच पसरतो.

म्हणून एवढे करावे :

१. आधी हेडलाइटची काच स्वच्छ करावी. बल्ब जुना झाला असेल, तर तेवढ्याच वॅटचा नवा हॅलोजन घालावा.
२. सपाट जागी भिंतीसमोर गाडी उभी करून डिपर लावावा. उजेडाची वरची कड स्पष्ट दिसली पाहिजे. तो वरपर्यंत पसरत असेल, तर बल्ब योग्य नाही.
३. मागे माणसे भरली की गाडीचे नाक वर उचलते. त्यानुसार हेडलाइट खाली करून घ्यावा.
४. समोरून झोत आला, तर वेग कमी करून नजर रस्त्याच्या डाव्या कडेवर ठेवावी. उलट अप्पर मारू नये.
५. दिव्याभोवती वलये दिसत असतील, तर डोळे तपासून घ्यावेत. सरकारी रुग्णालयांत मोतीबिंदूची शस्त्रक्रिया मोफत होते.

आपल्याला चांगले दिसावे म्हणून दुसऱ्याला आंधळे करणे पंचशीलाच्या पहिल्या शीलात बसत नाही. रस्त्यावर ते शील डिपरपासून सुरू होते.