कार्यस्थळी होणारा छळ

कार्यस्थळी होणारा छळ : कामाच्या ठिकाणी वरिष्ठाने, सहकाऱ्याने अथवा गटाने एका व्यक्तीचा वारंवार अवमान करणे, तिचे काम काढून घेणे किंवा तिला वाळीत टाकणे, आणि त्या व्यक्तीस स्वतःचा बचाव करणे अशक्य होणे. एखादा खटका किंवा कडक ताकीद यात मोडत नाही. स्वीडनमधील मानसशास्त्रज्ञ हाइन्ट्स लायमान यांनी १९८० नंतरच्या दशकात या विषयाचा पद्धतशीर अभ्यास केला. आठवड्यातून किमान एकदा व निदान सहा महिने असे वर्तन घडणे, हा त्यांचा निकष होय.

धोका जाणवताच अधिवृक्क ग्रंथींच्या मध्यकातून ॲड्रेनॅलीन स्रवते. तसेच अधोथॅलॅमस व पोष ग्रंथी यांच्या प्रेरणेने याच ग्रंथींच्या बाह्यकातून कॉर्टिसॉल हे हॉर्मोन रक्तात येते. हृदयाचे ठोके व रक्तातील ग्लुकोज वाढून शरीर लढण्यास वा पळण्यास सज्ज होते. वाघ समोर आल्यास ही व्यवस्था उपकारक ठरते. शेजारच्या मेजावर रोज बसणाऱ्या माणसापुढे मात्र लढताही येत नाही आणि पळताही येत नाही.

निरोगी व्यक्तीत कॉर्टिसॉलाचे प्रमाण जाग आल्यावर अर्ध्या-पाऊण तासात सर्वाधिक होते व रात्री अगदी उतरते. छळ सोसणाऱ्यांत ते सदैव वाढलेलेच असते, ही समजूत टिकलेली नाही. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका स्कँडिनेव्हियन पाहणीत अशा व्यक्तींच्या लाळेतील सकाळचे प्रमाण उलट कमी आढळले. दीर्घकालीन ताणाने ही यंत्रणाच मंदावत असावी, असा एक तर्क आहे. तेव्हा हॉर्मोन-तपासणीवरून एखाद्याची तक्रार खरी की खोटी हे ठरविणे सर्वस्वी अशास्त्रीय होय.

आजारपणाच्या रजेचा पुरावा अधिक ठोस आहे. फिनलंडमधील रुग्णालयांच्या पाच हजारांहून अधिक कर्मचाऱ्यांच्या पाहणीत (२०००) सुमारे ५ टक्क्यांनी छळ होत असल्याचे सांगितले. वैद्यकीय प्रमाणपत्रावर रजा घेण्याचे त्यांचे प्रमाण इतरांच्या सुमारे दीडपट होते. आधीच्या रजा हिशोबात घेता हा फरक घटला, पण नाहीसा झाला नाही. आजारी माणूस छळास सहज बळी पडतो, हेही काही अंशी खरे असल्याने कार्यकारणभाव दुहेरी मानावा लागतो. शिवाय रजा हा छळाचा परिणाम असतो, तसाच तो तात्पुरता आश्रयही असतो. रजा संपल्यावर कर्मचारी त्याच मेजाशी परततो. आणि दीर्घ रजांमुळेच तो कामास नालायक ठरवला जाऊन नोकरीबाहेर पडतो, हा क्रम लायमान यांनी नोंदविला आहे. प्रमाणपत्र देणाऱ्या वैद्याने म्हणूनच केवळ निद्रानाश वा डोकेदुखी न नोंदता कामाच्या परिस्थितीचीही चौकशी करावयास हवी.

स्वीडनने १९९३ मध्ये काढलेल्या नियमाने असा छळ रोखण्याची व त्याची कारणे कामाच्या रचनेत शोधण्याची जबाबदारी मालकावर टाकली. आंतरराष्ट्रीय मजूर संघटनेने २०१९ मध्ये संमत केलेला १९० क्रमांकाचा करार २०२१ मध्ये अंमलात आला.